एक शहर, दोन कंपन्या आणि दादरचे फलाट

१/८
डिसेंबर २०२३ पर्यंत दादर स्थानकात 'फलाट क्रमांक १' दोन होते: एक पश्चिम रेल्वेचा, दुसरा मध्य रेल्वेचा. नवख्या प्रवाशाची त्यामुळे हमखास फसगत होई. या घोटाळ्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. #थ्रेड

२/८
१६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) कंपनीची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. घाट ओलांडून दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणणे, हे या कंपनीचे उद्दिष्ट होते.

३/८
१८५५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) कंपनीची दृष्टी गुजरातच्या कापसावर होती. तिने आधी गुजरातेत रूळ टाकले. १८६४ मध्ये ती मुंबईत पोहोचली. पुढे कुलाबा हे तिचे अंतिम स्थानक झाले.

४/८
दोन्ही कंपन्यांच्या रुळांची रुंदी एकच होती: ५ फूट ६ इंच. संचालक मंडळ, अभियंते, हिशेब मात्र स्वतंत्र. त्यामुळे दादरला मार्ग शेजारी आले, तरी स्थानके दोन झाली. शेजारच्या परळ भागात तर त्यांची नावेही निराळी: जीआयपीचे परळ, बीबीसीआयचे एल्फिन्स्टन रोड.

५/८
संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे आठवतो. एखादी संस्था जी व्यवस्था घडवते, तिच्या रचनेत त्या संस्थेतील परस्परसंवादाची रचनाच उमटते. जिथे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे व्यवस्थेतही सांधा कच्चा राहतो.

६/८
५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. जीआयपी मध्य रेल्वेत गेली, बीबीसीआय पश्चिम रेल्वेत. कंपन्या इतिहासजमा झाल्या. त्यांच्यातील सीमारेषा मात्र टिकली. मुख्यालयेही दोन: एक बोरीबंदरला, दुसरे चर्चगेटला.

७/८
या सांध्यांचा भार पादचारी पुलांवर पडतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. पाऊस, गर्दी, अरुंद जिना ही तात्कालिक कारणे होती. मात्र दोन स्वतंत्र स्थानकांमधील सारी ये-जा अशा पुलांवरून व्हावी, ही रचना दीडशे वर्षांपूर्वीच्या विभागणीतून आली होती.

८/८
अखेर दादरला पश्चिमेचे १ ते ७ क्रमांक कायम राहिले आणि मध्यचे फलाट ८ ते १४ झाले. त्यासाठी नवे रूळ लागले नाहीत. फलक आणि उद्घोषणा बदलणे पुरेसे होते. एवढ्या बदलासाठी १९५१ नंतरही ७२ वर्षे जावी लागली.