फिरती घरे, फिरती करमणूक

श्रोतेहो, कार्तिकी एकादशी आली की आमच्या खालापूर तालुक्यात एकच विषय निघतो, तो म्हणजे साजगावची यात्रा. खोपोलीजवळ ताकई-साजगावला विठोबाचे देऊळ आहे. त्याला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. नाव ऐकून परगावचा माणूस हसतो. पण यात्रेत सुक्या बोंबलाचे ढीग पाहिले की त्याची शंका फिटते. तुकोबाराय मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून इकडे येत, अशी आख्यायिका आहे. आळंदी-पंढरीचा विठोबा आणि त्याच्याच पायरीशी सुकी मासळी, हा मेळ फक्त घाटाच्या पायथ्यालाच जमतो, बरं का! पंधरा-पंधरा दिवस ही यात्रा चाले. बैल, घोंगड्या, मासळी, भांडी, सगळ्याची खरेदी तिथे होई.

परंतु आज मला बाजाराविषयी बोलायचे नाही. यात्रेत रहाटपाळणा, मौत का कुआ आणि तंबूतला सिनेमा घेऊन जी माणसे येतात त्यांच्याविषयी, आणि त्यांची घरे असलेल्या जुन्या ट्रकांविषयी बोलायचे आहे.

करमणूक घेऊन गावोगाव फिरण्याची आपल्याकडची चाल जुनी. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली आणि हत्ती-घोडे, माणसे, तंबू असा सारा संसार घेऊन ते देशोदेशी हिंडले. आमच्या शेजारच्या कल्याणचे महादेवराव पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखवू लागले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, पाठीमागे दिवा, पुढे भिंग. काचा सरकवल्या की पडद्यावरची चित्रे हलत. म्हणजे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला त्याच्या वीस वर्षे आधी कल्याणकरांनी पडद्यावर चित्रे हलवली होती. पुढे बैलगाडी गेली, आगगाडी आली, आणि नंतर ट्रक आला.

तो ट्रक मी लहानपणी जवळून पाहिला आहे. हौद्यातच प्रोजेक्टर पक्का बसवलेला, त्याचा झोत समोरच्या तंबूतल्या पडद्यावर. तंबूत मध्ये दोरी बांधून एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. जुन्या यंत्रात उजेडासाठी कोळशाच्या दोन कांड्या असत. त्यांची टोके जवळ आणली की मधल्या फटीत प्रखर ज्योत पेटे. कांडी जळून आखूड झाली की ती पुढे सारावी लागे. यंत्र चालवणाऱ्याचा डोळा चुकला की नायिकेचे तोंड पिवळे पडे आणि पब्लिक शिट्ट्या मारी. सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून जात, आणि आपण म्हणत असू, ‘माणूस चालतोय!’ दिवसा त्याच ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटे, फाळक्यावर धुणे वाळे आणि ड्रायव्हरच्या आसनावर कोणाचे तरी मूल झोपलेले असे.

इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टराने १८८५ साली हौसेसाठी घोड्यांनी ओढायचे चाकांचे घर बांधून घेतले. हौसेच्या फिरत्या घरांचा इतिहास पुष्कळदा तिथून सांगतात. पुढे मोटारी आल्या, त्यात पलंग आले, मोऱ्या आल्या. त्या जुन्या गाड्या आज तिकडे लोक जपून, रंगवून, प्रदर्शनात मांडतात. हौस म्हणून चाकांवर राहणाऱ्याची गाडी जपली जाते. पोटासाठी चाकांवर राहणाऱ्याची भंगारात जाते. आपल्या तंबू-सिनेमाचे ट्रक असेच गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट २०१६ साली निघाला. तो कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा कुठे शहराला या गाड्यांची खबर लागली.

गंमत अशी, की याच आपल्या परिसरात आता नट-नट्यांच्या चाकांवरच्या खोल्या रोज दिसतात. व्हॅनिटी व्हॅन म्हणतात तिला. हिंदी सिनेमात ती आणण्याचे श्रेय पूनम धिल्लन यांना देतात. कर्जत-चौक रस्त्यावर नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’साठी तिथे बादशाही महाल उठले. समोरून पाहिले तर दगडी तट. मागे जाऊन पाहावे तर लाकडी फळ्या, प्लायवूड आणि प्लॅस्टर. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यापुढे शहेनशहाचाही किल्ला काय टिकणार? देसाई २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. मला त्या महालांपेक्षा त्यांची पाठ पाहायला अधिक आवडली.

आणि साजगावपासून थोड्याच अंतरावर, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, २०१३ साली इमॅजिका हे मोठे करमणूक-उद्यान उघडले. म्हणजे यात्राच, पण एका जागी खिळलेली आणि तिकिटाच्या फाटकाआड. तिथला ‘नायट्रो’ नावाचा झुलता रेल्वेमार्ग १३२ फूट, म्हणजे ४० मीटर उंच आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा आकडा जरूर फळ्यावर मांडावा. साखळी डबे फक्त पहिल्या माथ्यापर्यंत ओढते. तिथून पुढे ना इंजिन ना मोटार, नुसते गुरुत्वाकर्षण. चाळीस मीटरवरून खाली आलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर होतो. पुढची प्रत्येक चढण पहिल्या माथ्याहून बुटकी का, हे मुले मग आपण होऊन सांगतात. आणि खोपोलीकराला यात नवल वाटू नये. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडून इथेच वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. उतरत्या वस्तूच्या अंगी बळ असते, हे आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाले आहे.

मौत का कुआचेही असेच. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते ती जादूने नव्हे. वेगामुळे चाक भिंतीवर दाबले जाते, भिंत त्याला आत ढकलते आणि घर्षण त्याला खाली घसरू देत नाही. वेग कमी झाला की खेळ संपला. वर उभे राहून आपण नोट पुढे करतो आणि स्वार हात सोडून ती टिपतो, तेव्हा तो हा हिशेब अंगाने करीत असतो.

अमेरिकेत फ्लॉरिडाला १९७१ साली डिस्नेचे उद्यान झाले, तेव्हा कामगारांना ये-जा करायला आधी भुयारे बांधली आणि उद्यान त्यांच्या डोक्यावर वसवले. पाहुण्याला कचऱ्याची गाडी किंवा जेवायला निघालेला विदूषक दिसू नये, हा हेतू. आमच्या यात्रेत सगळे उघडे. पाळण्याच्या मागच्या पालात भाकरी थापताना दिसते, तीच बाई संध्याकाळी तिकिटे फाडते. पूर्वी इंजिन नव्हते, तेव्हा गडी पाळण्याच्या आऱ्यांवर चढून, वरच्या दांडीला लोंबकळून आपल्या वजनाने चाक खाली आणीत. त्यांचे घामाघूम चेहरे आम्हांला दिसत, आणि म्हणून आम्ही पोरे त्यांना नावाने ओळखत असू.

गेल्या काही वर्षांपूर्वीची गोष्ट. यात्रा उठताना मी मुद्दाम थांबलो होतो. पाळणा उतरवणे चालले होते. प्रत्येक दांडीवर, प्रत्येक पाळण्यावर तेलरंगाने आकडे घातलेले. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आकडा वाचून ओरडे आणि वरचा गडी त्या क्रमाने बोल्ट सोडी. मी विचारले, ‘बाळ, शाळेत जातेस का?’

‘जाते की,’ ती म्हणाली, ‘पंधरा दिवस हितं, मग दुसरीकडं.’

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारचे शिक्षण हमी पत्रक असते. ते तिच्याकडे होते का, हे मी तिच्या वडिलांना विचारले. त्यांनी केबिनमधली पत्र्याची पेटी उघडली. गाडीच्या कागदांमध्ये, पाळण्याच्या परवान्याशेजारी, तेही घडी घालून ठेवलेले होते. कडा झिजल्या होत्या. तेवढ्यात मुलीने सव्विसाचा आकडा पुकारला, आणि ते कागद तसाच माझ्या हातात ठेवून दांडी धरायला धावले.