प्रवासी ट्रेलर : टायर व आस सुरक्षा

मोटारीमागे जोडून ओढायच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या चाकांची व आसांची निगा. असे ट्रेलर अमेरिकेत फार प्रचलित आहेत. त्यांच्या खास टायरांवर ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) ही अक्षरे असतात. यांपैकी अनेकांची वेगमर्यादा ताशी सु. १०५ किमी. असते. हवा कमी किंवा भार जादा असल्यास टायर सतत लवून तापतो आणि फुटतो. टायर तापल्यावर हवेचा दाब वाढलेला दिसतो; म्हणून हवा टायर थंड असतानाच तपासावी. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहिल्याने नक्षी शाबूत असूनही रबर तडकते. त्यामुळे टायरचे वयही पाहावे; टायरवरील संकेतांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष दर्शवितात, उदा., ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. प्रत्येक आसावरील भार वजनकाट्यावर मोजून ट्रेलरच्या पाटीवरील मर्यादेशी ताडावा. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस सामान्यतः वर्षातून एकदा बदलतात; ते आटल्यास बेअरिंग जाम होऊन चाक निखळू शकते. चाक नव्याने बसविल्यावर १६, ४० व ८० किमी. अंतरांनंतर नट पुन्हा आवळतात. मागच्या ट्रेलरमधील बिघाड चालकाला लवकर जाणवत नाही. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर सर्व चाकांच्या हबांच्या (मध्यभागांच्या) तापमानाची तुलना करणे अत्यंत आवश्यक असते.