मालकाचे मत

कोणत्याही यंत्राविषयी दोन प्रकारची मते असतात. एक तज्ज्ञाचे आणि दुसरे मालकाचे. तज्ज्ञाचे मत मिळवायला पैसे पडतात. मालकाचे मत चुकवायला रस्ता बदलावा लागतो. तज्ज्ञाला यंत्राच्या पोटात काय आहे ते कळते; मालकाला यंत्रापायी आपल्या खिशातून काय गेले ते कळते. त्यामुळे तज्ज्ञ तोलूनमापून बोलतो आणि मालक एक तर म्हणतो, "अहो, डोळे मिटून घ्या!" किंवा म्हणतो, "आमचं झालं ते झालं, तुम्ही तरी फसू नका." दोन्ही वाक्ये तो एकाच वस्तूबद्दल, वॉरंटीच्या आधी आणि नंतर, म्हणू शकतो.

आपल्याकडे गडांचा इतिहास आहे, पेशव्यांच्या पंक्तींचा आहे. स्वस्तातल्या तबकडीयंत्राचा मात्र कुणी लिहिला नाही. ज्या खोक्याने निम्म्या महाराष्ट्राला घरबसल्या सिनेमा दाखवला, त्याच्या नशिबी शेवटी माळाच आला. म्हणून हा प्रपंच. आणि हा इतिहास मालकांच्या मतांतून सांगणेच बरे, कारण इतर साधने तितकी बोलकी नाहीत.

सुरुवातीलाच एक गौप्यस्फोट करतो. तबकडी वाजवणारे पहिले यंत्र जे दुकानात विकायला आले ते खेळणे होते. जर्मनीतल्या हॅनोवरचा एमिल बर्लिनर अमेरिकेत गेला आणि 1887 साली त्याने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. ते यंत्र पहिल्यांदा बाजारात आणले जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या एका कंपनीने, 1890 च्या आसपास. तबकडी जेमतेम पाच इंचांची आणि फिरवायची हाताने. म्हणजे गाणाऱ्याचा आवाज हा गाणाऱ्यावर अवलंबून नसून दांडा फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. बापाने सावकाश फिरवली तर भजनी बुवा, पोराने जोरात फिरवली तर चिमणी. तरीही बर्लिनरचे हे कार्टे पुढे केवढे वाढले ते आपण जाणतोच. आणि पुढे सीडी निघाली ती बारा सेंटिमीटरची, म्हणजे हिशेबाने पुन्हा जवळजवळ त्या बाळपणीच्या पाच इंचांवरच आली.

1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या छापायच्या होत्या तिकडे हॅनोवरला, आणि तिथल्या माणसाला कोणत्या तबकडीवर कोणाची चिठ्ठी लावायची ते कळायला हवे. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तबकड्यांचा समुद्रप्रवास थांबला. पण तबकडी जवळ आली तरी यंत्र काही सामान्यांच्या जवळ आले नाही. अख्ख्या वाड्यात ग्रामोफोन एक. त्याचा मालक एक. बाकीचे श्रोते. कंपनीचे म्हणणे, दर बाजूला सुई नवी घाला. मालक काटकसरी असला म्हणजे सुई तीच ठेवी आणि श्रोते बदली. बुवांनी तासभर आळवायचा राग तीन-सव्वातीन मिनिटांत उरकला, तरी कुणाची तक्रार नसे. तक्रार करायचा हक्क मालकाला, आणि मालक आपल्याच यंत्राची तक्रार चार लोकांत कशी करील?

सांगायचा मुद्दा असा, की मत असण्यासाठी आधी मालकी लागते. आणि मालकी म्हटली की किंमत आली.

1982 च्या ऑगस्टात त्याच हॅनोवरच्या शेजारी, लांगनहागन इथल्या कारखान्यातून विकायच्या पहिल्या सीडी बाहेर पडल्या. गौहर जानना बरोबर 80 वर्षे झाली होती. ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर आला. किंमत 1 लाख 68 हजार येन. ही वस्तू आपल्याकडे बहुतेकांनी पाहिली ती परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेत, किंवा ती बॅग पाहिलेल्या माणसाच्या वर्णनात. "आवाज कसा आहे?" असे विचारले तर उत्तर यायचे, "स्वच्छ!" गाणे चांगले आहे की वाईट हे कुणी सांगत नसे. नुसते स्वच्छ. जसे काही गाणे ऐकले नसून ताट पाहिले आहे.

पण आपल्या कथेचा नायक हा नव्हे. आपला नायक 1993 साली जन्मला. त्याचे नाव व्हीसीडी. जपानी आणि डच कंपन्यांनी मिळून सीडीवर सिनेमा बसवायची युक्ती काढली. एका चकतीत 74 मिनिटे. चित्र म्हणाल तर आडवे 352 ठिपके आणि उभे 288, म्हणजे व्हिडिओ कॅसेटइतके बरे आणि तितकेच वाईट. पाश्चात्त्य देशांनी नाक मुरडले. ते डीव्हीडीची वाट पाहत बसले. ती 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली. आशियाला मात्र वाट पाहायला फुरसत नव्हती. चीनमधल्या हफेई शहरात वानयेन नावाच्या कंपनीने 1993 मध्येच अमेरिकन चीप वापरून व्हीसीडी प्लेअर तयार केला. त्याचे पहिले ग्राहक म्हणजे इतर कारखानदार होते, असे सांगतात. त्यांनी तो सिनेमा पाहायला नेला नव्हता, उघडायला नेला होता. मग जी किमतींची मारामारी जुंपली तीत वानयेन बुडाली आणि जगाला स्वस्त प्लेअर मिळाला. त्या मारामारीतली एक कंपनी बीबीके. आज आपल्या खिशात खणखणणारे ओप्पो आणि व्हिवो हे फोन त्याच घराण्यातले. म्हणजे घराणे जुने, फक्त गायकी बदलली.

विसावे शतक संपता संपता हे खोके लॅमिंग्टन रोडवर आणि आमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत दिसू लागले, आणि इथून पुढे मालकांच्या मतांना पूर आला.

पहिले मत वजनाचे. आपल्याकडे यंत्र आधी हातात धरून तोलतात. रेडिओ कसा, दोघांनी धरावा असा! हा प्लेअर एका हाताने उचलला जाई, आणि त्यामुळे तो उचलणाऱ्याच्या मनातून उतरे. "आत काही आहे की नुसतंच खोकं?" आत खरोखरच फारसे काही नसे. एक मोटर, एक लेन्स, तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि पुष्कळशी हवा.

दुसरे मत भोकांचे. पुढच्या बाजूला माइक लावायला एक नाही, दोन भोके, आणि शेजारी प्रतिध्वनी वाढवायचे बटण. हे कशाला? तर पूर्व आशियात लोकांना पडद्यावर शब्द वाचत गाण्याचा नाद, ज्याला कराओके म्हणतात. तिकडे व्हीसीडी वाढली ती बरीचशी त्याच्या जोरावर. आपल्याकडे हे कोणी सांगितलेच नाही. पण भोक दिसले आणि मराठी माणसाने त्यात काही घातले नाही, असे होणे नाही. आमच्या शेजारी हळदीकुंकवाला त्या माइकवरून उखाणे झाले. प्रतिध्वनीचे बटण पूर्ण फिरवलेले होते. नवऱ्याचे नाव एकदा घेतले की ते चारदा ऐकू येई. नवऱ्यांचे यंत्राविषयीचे मत त्या दिवसापासून फार चांगले झाले.

पण खरे मत एकच, आणि ते एका प्रश्नात मावत असे. "घेतो का?"

चित्र कसे, आवाज कसा, हे प्रश्न श्रीमंतांचे. बजेटवाल्याचा प्रश्न, "हा कोणतीही सीडी घेतो का?" कारण घरात येणाऱ्या चकत्या कुलीन थोड्याच असायच्या! 'शोले'च्या तीन चकत्यांतली मधली भाड्याने देऊन देऊन खरवडलेली. भाच्याने संगणकावर भरून दिलेली, दीडशे एमपी-थ्री गाण्यांची. तीत भूपाळीनंतर एकदम लावणी. आणि लग्नाची सीडी, जिच्यावर फोटोग्राफरने काळ्या पेनाने नुसते "जोशी" लिहिलेले.

इथे महागड्या यंत्रांची फजिती झाली, आणि ती शास्त्रीय होती. सीडी वाचायचा किरण 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा. घरी भरलेल्या सीडीवर जो रंगाचा थर असतो तो पहिल्या किरणाला दाद देतो, दुसऱ्याला देत नाही. सुरुवातीच्या काही भारी डीव्हीडी प्लेअरांत एकच किरण होता, त्यामुळे ते लग्नाची सीडी पोटात घेत, दोन मिनिटे चिंतन करीत आणि "नो डिस्क" असे लिहून परत करीत. मांडवात चारशे पाने उठली होती, आणि हा म्हणतो चकतीच नाही! शिवाय डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका पहिला, युरोप आणि जपान दुसरा, आपण पाचव्यात. अमेरिकेतल्या मुलाने हौसेने सिनेमा पाठवावा आणि इथल्या भारी प्लेअरने पाहुण्याला जात विचारावी. स्वस्त चिनी प्लेअर असले सोवळे पाळत नसे. रिमोटवर चार आकडे दाबले की त्याला सगळे विभाग सारखे. नातवाच्या बारशाची अमेरिकन पद्धतीची चकती जुन्या टीव्हीवर काळी-पांढरी दिसे, जणू न्यू जर्सीत अजून प्रभातचा काळ चालू आहे. त्यालाही रिमोटवर एक बटण होते. ते दाबले की बाळ गुलाबी.

चऱ्यांचे तसेच. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी 1960 साली चुका दुरुस्त करणारे गणित मांडले. त्या पायावर सीडीवर माहिती अशी विखरून लिहितात, की वाटेतला अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी उरलेल्यावरून गेलेले शोधून काढता येते. चकती मधून बाहेर सरळ पुसावी, गोल पुसू नये, ते याचसाठी. गोल चरा वाटेवरूनच धावतो. आमच्याकडे ती बनियनने, गोल, आणि वर हाऽऽ करून पुसली जाई. काही घरांत टूथपेस्ट लावीत. रीड आणि सॉलोमन यांनी हे पाहिले असते तर त्यांनी गणितात आणखी एक प्रकरण वाढवले असते.

2007 च्या सुमारास दिल्लीच्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. तेव्हा मात्र सगळेच मालक झाले. भाजी घ्यायला गेलेला माणूस कोथिंबिरीबरोबर एक सिनेमा आणू लागला. कपाटात भांड्यांच्या शेजारी चित्रपट, नाटके, कीर्तने उभी राहिली. वाड्यातल्या त्या एकुलत्या एक ग्रामोफोनपाशी सुरू झालेली गोष्ट इथे पुरी झाली.

पुरी झाली आणि संपलीही. मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीतून अवसायनात गेली. अमेरिकेत चकत्या टपालाने घरी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने 29 सप्टेंबर 2023 ला शेवटची चकती पाठवली. आता दरमहा पैसे भरावेत आणि पाहावे. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. फक्त आपण पुन्हा भाडेकरू झालो. काल पाहिलेला सिनेमा आज तिथे नसतो आणि विचारायला मालक कुठे राहतो ते ठाऊक नसते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काकांच्या एकसष्टीची सीडी आहे, 2004 सालची. काका त्यात भाषण करतात, मग कुणी आग्रह केलेला नसताना नाट्यगीत म्हणतात. काका जाऊन बरीच वर्षे झाली. मध्यंतरी मुलगा बंगळूरहून आला, तेव्हा काकूंनी ती चकती काढली. त्याच्या लॅपटॉपला चकती घालायला जागाच नव्हती. बाहेरून जोडायचे यंत्र आणले, तर संगणक म्हणाला वाचता येत नाही. मुलगा म्हणाला, "आई, वरचा रंग उडाला असणार. गेली ती." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी माळ्यावरचा खोका काढायला लावला.

त्या हलक्या खोक्याने बराच वेळ खर्रर्र केले. मग काका आले. चौकोन चौकोन होऊन आले, सतराव्या मिनिटाला अडकले, काकूंनी रिमोटने त्यांना थोडे पुढे ढकलले, आणि ते गाऊ लागले. संगणकाला एक ओळ लागली नाही तर तो पुस्तकच मिटतो. हा पान उलटून पुढे वाचतो, एवढेच त्याचे पांडित्य. मुलाने ताबडतोब तपकीर गल्लीतून माणूस गाठला, पिवळी-लाल-पांढरी वायर लावून सगळे उतरवून घेतले आणि आईच्या फोनात घातले. बरे केले. घरोघरीच्या त्या चकत्यांचा रंग रोज थोडा उडतो आहे, आणि त्या घेणारी यंत्रे त्याहून झपाट्याने भंगारात जात आहेत. ज्यांच्याकडे दोन्ही शाबूत आहे त्यांनी हा लेख इथेच सोडून उठायला हरकत नाही.

मुलगा गेल्यावर खोके भंगारवाल्याला दाखवायला खाली आणले होते. त्याने एका हाताने उचलले आणि म्हणाला, "ह्यात तांबं नाही. वीस रुपये." काकूंनी ते परत वर नेले.

मी म्हटले, "काकू, आता फोनात आहे की सगळं!"

"आहे ना. पण त्यात ह्यांना बघायचं तर आधी चिरंजीवांना फोन करून विचारावं लागतं, कुठे दाबू. ह्याला मी सीडी देते आणि हा घेतो."