चुकलेला कलप आणि रंगाऱ्याची नीळ

लग्नसराई जवळ आली की नागपूरच्या इतवारीत मेंदीची भुकटी, आवळकाठी, शिकेकाई आणि माका यांना गिऱ्हाईक वाढते. सीताबर्डीच्या दुकानांतून तयार कलपाच्या पेट्या घरोघरी जातात. रविवारी सकाळी न्हाणीघरात कलप लावला जातो आणि दुपारी आरशासमोर तक्रार सुरू होते. मेंदीने पांढरे केस नारिंगी झालेले असतात, नाहीतर डायने ते कोळशासारखे काळेभोर होऊन चेहऱ्यावर उपरे दिसत असतात. मग बहुतेक जण एकच उपाय करतात. त्याच संध्याकाळी दुसरी पेटी आणून पहिल्या रंगावर दुसरा रंग चढवतात. हा उपाय बहुधा फसतो. तो का फसतो, याचे उत्तर रंगविद्येच्या जुन्या इतिहासात सापडते.

केस रंगवण्याची हौस आजची नाही. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांवर एक प्रकरण लिहिले आहे. त्याची सुरुवातच केस काळे करण्याच्या कृतीने होते. डोक्याचे केस पांढरे असतील तर हार, अत्तर आणि दागिने शोभत नाहीत, असे तो म्हणतो आणि कृती सांगतो. लोखंडी भांड्यात आंबलेल्या द्रवात कोदोचे दाणे लोखंडाच्या चुऱ्यासह शिजवावेत, ते बारीक वाटून केसांना लावावेत, वर ओली पाने बांधून दोन प्रहर थांबावे. मग डोके धुऊन आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने बांधून दोन प्रहर थांबावे आणि धुवावे. शेवटी लोखंडाचा व आंबटाचा वास घालवण्यासाठी सुगंधी द्रव्ये वापरावीत, इथपर्यंत त्याने सांगून ठेवले आहे.

या कृतीत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिचा क्रम. आधी लोह, नंतर आवळा आणि मध्ये सहा तास. आंबट द्रवात लोखंड विरघळते. आवळ्यातले तुरट द्रव्य त्याला भेटले की काळा रंग तयार होतो. जुनी लिहिण्याची शाईही याच तत्त्वावर बनत असे. आपल्या घरी लोखंडी कढईत आवळा आणि चहाचे पाणी घालून मेंदी रात्रभर भिजवतात, तीही याच विद्येची वंशज.

मेंदीचा स्वभाव मात्र वेगळा. तिच्यातले रंगद्रव्य नारिंगी-तांबडे असते आणि ते केसातल्या प्रथिनाला चिकटून बसते. मूळचा काळा रंग ते काढू शकत नाही. म्हणून काळ्या केसांवर मेंदीची नुसती झाक दिसते आणि पांढऱ्या केसांवर ती भडक नारिंगी होते. हा मेंदीचा दोष नव्हे. जाणकारांनी मेंदीला पहिली पायरीच मानले होते. मेंदी धुतल्यावर नीळीच्या पानांची भुकटी लावायची, ही दुसरी पायरी. हिंदी-उर्दूत या भुकटीला वस्मा म्हणतात. दोन्ही मिळून काळा रंग येतो, एकत्र कालवून लावली तर तपकिरी. ज्याने पहिल्या पायरीवरच आरसा पाहिला, त्याला रंग चुकला असे वाटणारच.

नागपूर हे विणकरांचे गाव. कोष्टी आणि हलबा कारागिरांचे माग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगाऱ्यांची स्वतंत्र नोंद आहे. कापड रंगवणाऱ्याला एक नियम पक्का ठाऊक असतो. फिक्याकडून गडदाकडे जाता येते, पण गडदावर फिका रंग ओतून परत येता येत नाही. काळ्या लुगड्यावर पिवळा रंग घातला म्हणून ते पिवळे होत नाही. केसांचेही तसेच आहे. काळ्याभोर झालेल्या केसांवर तपकिरी डाय लावल्याने ते तपकिरी होत नाहीत.

मग रंग दुरुस्त होतो कसा? त्याचे एक उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. १८२४ साली मिशेल शेव्हरोल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या गोब्लँ या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगशाळेचे प्रमुख झाले. तिथला काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती त्यांना आढळले की रंगात खोट नव्हती. त्या काळ्या धाग्यांशेजारी निळे-जांभळे धागे होते आणि शेजारच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. कोणता रंग कोणत्या रंगाच्या समोरचा, हे त्यांनी चक्रावर मांडून दाखवले. निळ्यासमोर नारिंगी, जांभळ्यासमोर पिवळा, तांबड्यासमोर हिरवा. समोरासमोरचे रंग मिसळले की एकमेकांना मारतात.

आपल्या आज्या हेच धुण्याच्या बादलीत करत होत्या. पिवळट पडलेल्या धोतराला नीळ देताना त्या पांढरा रंग चढवत नव्हत्या, पिवळा मारत होत्या. नारिंगी केसांवर नीळ का चालते, याचे उत्तर त्या बादलीतच आहे.

यानंतर डांबराचे युग आले. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाने दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग बनवला. १९०७ साली पॅरिसच्या यूजीन शुएलर यांनी केसांसाठी कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरेआल झाली. टिकाऊ डायमधले मुख्य द्रव्य पीपीडी. त्याचे बारीक कण केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात, आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. हा रंग शाम्पूने निघत नाही तो यामुळेच.

हे द्रव्य काहींच्या अंगाला अजिबात सोसत नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली. १९३८ साली तिथे कडक कायदा झाला, त्यामागे ही प्रकरणेही होती. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली. पेटीवर बारीक अक्षरांत जो इशारा असतो, भुवया-पापण्यांना लावू नका, आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास पाहा, त्याच्यामागे कुणाचे तरी डोळे आहेत. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीतही पुष्कळदा पीपीडी असते, तेव्हा नावावर जाऊ नये.

तेव्हा कलप चुकला तर काय करावे? निव्वळ मेंदीने केस नारिंगी झाले असतील तर दुसऱ्या दिवशी शुद्ध नीळीची भुकटी लावावी. डायने ते फार काळे झाले असतील तर दुसरा डाय लावू नये. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा शाम्पूने धुतल्यास काळेपणा थोडा उतरतो. बाकीचे काम कात्री आणि काळ करतात, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पुढच्या वेळी फक्त नव्या वाढीलाच रंग लावावा. तोच रंग टोकांवर पुन्हा पुन्हा बसला की टोके काळीठिक्कर होतात. मेंदी-नीळ लावलेल्या केसांवर घरी ब्लीच करू नये. नीळ हिरवट होते, आणि भेसळीच्या मेंदीत धातूचे क्षार असले तर केस तुटतात. टाळूची आग झाली, डोळे सुजले, तर रंगाचा विचार सोडून तडक ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ गाठावे. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते.

वराहमिहिराच्या कृतीत बारा तास जात. आजची पेटी अर्ध्या तासाचे आश्वासन देते. मग चोवीस तास कानामागच्या त्या एका ठिपक्याला द्यायला काय हरकत आहे?