दाई

रायपुरास बदली होऊन आल्यावर जे शब्द मला नव्याने शिकावे लागले, त्यांत 'दाई' हा एक होय. शब्द जुनाच, अर्थ तेवढा निराळा निघाला. आपल्याकडे दाई म्हणजे बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळण्यासाठी ठेवलेली बाई. छत्तीसगढीत दाई म्हणजे प्रत्यक्ष आई. मायबापांना येथे 'दाई-ददा' म्हणतात. एका भाषेत जी पगारी, ती दुसरीत जन्मदात्री, हे कोडे माझ्या डोक्यात राहिले.

गेल्या पावसाळ्यात आम्हांस कन्यारत्न झाले. माझी आई हयात नाही. सासूबाई सातारला अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा शेजारच्या वस्तीतील एक वृद्धा मालिशीसाठी येऊ लागली. पाटावर बसून ती पाय लांब पसरी, त्या दोन पायांच्या खोबणीत मुलीला निजवी आणि कोमट तिळेल हातावर घेऊन छातीपासून खांद्यांकडे, मांडीपासून घोट्याकडे सावकाश हात फिरवी. तोंडाने जन्मसोहळ्यातील सोहराच्या चालीवर काही गुणगुणणे चालूच असे. माझ्या हातांत आकांत मांडणारी मुलगी तिच्या पायांवर निमूट पडून राही. खरे सांगावयाचे तर मला मत्सर वाटला, आणि त्या मत्सरापोटीच मी जुने ग्रंथ चाळू लागलो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात अर्भकाच्या कानाच्या मुळाशी दोन दगड एकमेकांवर वाजवावेत असे सांगितले आहे. वाग्भटाने त्याच्या जोडीला बलातैलाचे सेचन सांगितले. म्हणजे जगात आलेल्या जीवाला आपल्या वैद्यांनी पहिल्या घटकेस दोनच गोष्टी दिल्या: नाद आणि स्पर्श. पुढे चरक खेळण्यांविषयी लिहितो, ती रंगीत, नाद करणारी व हलकी असावीत, टोकदार नसावीत. आणि मुलाला भीती घालू नये. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' असे म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हे वाक्य केव्हा विसरले, कोण जाणे!

गाण्याचा पुरावाही जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या सुमारे ११२९ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. उखळाजवळची ती ओवी जात्याशी आणि पाळण्याशीही रमली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा शेकडो ओव्या खेडोपाडीच्या बायकांकडून जमविल्या. राजाने नोंद केली, गुरुजींनी संग्रह केला; रचणाऱ्या मात्र निनावीच राहिल्या.

एका दाईचे नाव तेवढे इतिहासाने जपले आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती क्षीण होती. कापूरहोळची धाराऊ गाडे हिने बाळाला अंगावर पाजले व ती त्यांची दूधआई झाली. १६५९ मध्ये सईबाई निवर्तल्या, तेव्हा राजे अवघे दोन वर्षांचे होते. जिजाऊंची माया होतीच. पण अंगाच्या उबेची ओळख त्या पोराला कापूरहोळच्या एका कुणबिणीकडूनही झाली होती. छत्तीसगढी अर्थाने ती दाईच होती.

आपणा परप्रांतस्थांना जवळचे उदाहरण येथलेच आहे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले. पुढे सुभेदार आले, १८१८ नंतर कर्नल ॲग्न्यूने राजधानी रायपुरास आणली, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचा अंमल संपला. या शंभर वर्षांत कारकून, शिलेदार, पुराणिक अशी किती मराठी बिऱ्हाडे या भागात मांडली गेली असतील! दप्तरांत वसुलीचे आकडे मिळतात. त्यांच्या लेकरांना न्हाऊमाखू कोणी घातले, हे दप्तरात लिहीत नसत. माझा तर्क असा, की शेकडो मैलांवरून आजी येणे अशक्य असता येथल्याच बायकांनी ते केले.

पाश्चात्त्यांनाही हे ज्ञान अशाच एका स्त्रीकडून मिळाले. फ्रेंच वैद्य लबोयर यांनी कलकत्त्यात एका आईला पायांवर मूल घेऊन तेल लावताना पाहिले व १९७६ साली तिच्याच नावाने, 'शांतला' म्हणून, पुस्तक लिहिले. १९८६ मध्ये टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटे, दहा दिवस चोळून पाहिले. त्यांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मात्र चोळणे बेताचे हवे. नाक ओढून सरळ करणे, कानांत तेल घालणे हे आपले घरगुती प्रकार डॉक्टर निषिद्ध मानतात, आणि ते योग्यच आहे.

एके सकाळी मी धीर करून दाईला म्हणालो, "मला शिकवा." ती आधी हसली, पुरुषाने हे करावे, याची तिला मौज वाटली असावी. मग माझा हात धरून तिने तो मुलीच्या पाठीवर ठेवला, आणि मी जोर देताच उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. फायलींवर शिक्के मारणाऱ्या हाताला हलके होण्यास पंधरवडा लागला.

आता मुलगी पाच महिन्यांची आहे. रविवारी मालीश मी करतो. साताऱ्याहून सासूबाई फोनवर पाळणा म्हणतात, पत्नी फोन मुलीच्या कानाशी धरते. मुलगी ऐकते, आणि दाई अंगणात आली की तिच्या पायांतल्या तोड्यांच्या आवाजाकडे मान वळवते.