चीज, रेनेट आणि शाकाहार : प्राणिमुक्त चीजचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
भारतात दूध पवित्र आणि शाकाहारी मानले गेले. चीजविषयी मात्र संशय राहिला. त्याचे कारण दुधात नसून विरजणात आहे. पारंपरिक चीज दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातील रेनेटने गोठविले जाते. त्यातील कायमोसिन हे विकर दुधातील कॅपा-केसीन तोडते व दुधाचा घट्ट चक्का बनतो. हे रेनेट 1874 पासून कोपनहेगनच्या ख्रिश्चन हान्सन यांनी कारखान्यात तयार करून विकण्यास प्रारंभ केला. वासरू मारून मिळणारा हा पदार्थ हिंदू व जैन ग्राहकास अग्राह्य ठरणे स्वाभाविक होते.

वनस्पतिज पर्याय :
या अडचणीवरील एक उत्तर भारतीय उपखंडातच होते. सिंध, बलुचिस्तान व अफगाणिस्तानात अश्वगंधेच्या कुळातील पनीरफूल या झुडपाच्या फळांनी दूध गोठविले जात असे. 1880 च्या दशकात केंब्रिजचे शेरिडन ली यांनी त्याच्या बियांतील विकराचा अभ्यास रॉयल सोसायटीपुढे मांडला. हे विकर रेनेटसारखे कार्य करते व उकळल्याने निष्क्रिय होते, असे त्यांना आढळले. तथापि कारखानदारीत या झुडपास स्थान मिळाले नाही.

बुरशी आणि जनुक :
1960 च्या दशकात जगात वासरांच्या जठरांचा तुटवडा जाणवू लागला. त्याच काळात जपानी संशोधक केई अरिमा यांनी बुरशीपासून रेनेट मिळविले. पुढे वासराचे कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवात घालून तेच विकर किण्वनाने तयार करण्यात आले. अमेरिकेने मार्च 1990 मध्ये त्यास मान्यता दिली. प्राण्याचा वध टळला. दूध मात्र गाई-म्हशीचेच राहिले.

कायदा आणि संज्ञा :
2001 साली भारतात खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी चिन्हे अनिवार्य झाली. त्या नियमात प्राणिजन्य घटक असलेला पदार्थ मांसाहारी ठरविताना दूध व दुग्धजन्य पदार्थ स्पष्टपणे वगळण्यात आले. पुढे 2021 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिज पर्यायांना दुग्धसंज्ञा वापरण्यास हरकत घेतली आणि 2022 मध्ये 'व्हीगन' अन्नासाठी स्वतंत्र विनियम आले. म्हणजेच 'प्राणिमुक्त' आणि 'शाकाहारी' या संज्ञा कायद्यानेही भिन्न मानल्या.

आजचा टप्पा दुधावाचूनच्या दुग्धप्रथिनांचा आहे. सूक्ष्मजीवांकडून तयार केलेले मठ्ठ्यातील प्रथिन 2020 च्या सुमारास अमेरिकी बाजारात आले. चीजला आवश्यक केसीन अधिक दुष्कर आहे, कारण ते सूक्ष्म कणांच्या रचनेत एकत्र यावे लागते.

निष्कर्ष :
रेनेटच्या इतिहासात ग्राहकाची श्रद्धा व दूध उत्पादकाचे हित यांत संघर्ष नव्हता. शाकाहारी रेनेटने दुधाची बाजारपेठ वाढविलीच. नव्या केसीनबाबत तसे म्हणता येणार नाही. भातशेतीला दुग्धव्यवसायाची जोड देणाऱ्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात गोठ्यातील दुधाचाच पर्याय उभा राहतो आहे. म्हणून या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन केवळ आहारनीतीच्या अंगाने न करता ग्रामीण अर्थकारणाच्या अंगानेही होणे अगत्याचे ठरते.