आळशी, ऐदी आणि बेकार

'आयडल' हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात ऑर्डर नसली की 'मशीन आयडल आहे' असे म्हणतात. सिग्नलला थांबलेली गाडी 'आयडलिंग'वर असते. आणि पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारा मुलगाही 'घरी आयडल बसलाय'! शब्द एकच, पण थांबलेल्या यंत्राला कोणी दोष देत नाही; माणसाला मात्र देतो. या एका विशेषणात काम न मिळणे आणि काम न करणे, या दोन वेगळ्या गोष्टी मिसळून गेल्या आहेत.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता रिकामा, पोकळ, व्यर्थ. आळसाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. आपल्या 'रिकामा' या शब्दाची वाटचालही थेट अशीच आहे. रिकामा हंडा, रिकामी खोली आणि मग रिकामा माणूस. त्याला 'टेकडा' जोडला की झाला टोमणा.

टोमण्यापर्यंत ठीक होते. पण या शब्दाचा कायदाही झाला. इंग्लंडमध्ये 1824 साली भटक्यांविषयी कायदा झाला. त्यात 'आयडल अँड डिसऑर्डर्ली' असा माणसांचा एक वर्गच ठरवला गेला. या वर्गात बसणाऱ्याला महिनाभर सक्तमजुरी होऊ शकत असे. त्या विचाराची सावली आपल्याकडेही पडली. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या हात पसरण्यापुरती नाही. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणारा माणूसही तीत येतो. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथे भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली.

मराठीची शब्दसंपत्ती या बाबतीत अधिक बारकाईची आहे. 'आळशी' संस्कृत 'अलस'वरून आला. तो स्वभाव सांगतो. 'सुस्त' फारसीतून आला. तो शरीराची मंद अवस्था सांगतो. जेवणानंतर कोणीही सुस्त होतो, तेवढ्याने तो आळशी ठरत नाही. आणि 'ऐदी'ची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. अरबीत 'अहद' म्हणजे एक. अकबराच्या सैन्यात 'अहदी' नावाचे शिपाई होते. ते कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसत. एकेकटे थेट बादशहाचे चाकर असत. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पगार चांगला, मान मोठा आणि रोजचे काम बेताचे. बादशाही गेली, पण आयते बसून खाणाऱ्याला लोक 'अहदी' म्हणू लागले, ते राहिले. मराठीच्या तोंडी त्याचा 'ऐदी' झाला. लक्षात घ्या, ऐदी हा मुळात गरीब नव्हे; तो पोसलेला माणूस आहे.

'बेकार' मात्र निराळा. 'कार' म्हणजे काम आणि 'बे' म्हणजे विना. ज्याला काम नाही तो बेकार. या शब्दात मुळात निंदा नाही, फक्त माहिती आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर हजारो कामगार बेकार झाले. त्यांना ऐदी म्हणण्याची कोणाची छाती होती?

हा फरक महाराष्ट्राने कायद्यात उतरवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि तलाव खणायला रांगा लावून उभी राहिली. गरीब माणूस कामाला टाळतो, हा समज त्या रांगांनी खोटा पाडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला सरकारने काम द्यावे, नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम म्हणजे हाच कर. पुढे 2005 साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

इंग्लंडचा जुना कायदा रिकाम्या माणसाला विचारत होता, 'तू काम का करत नाहीस?' आपल्या कायद्याने तोच प्रश्न फिरवून सरकारला विचारला, 'तुम्ही याला काम का देत नाही?'

अलीकडे मात्र 'बेकार'चा अर्थ झपाट्याने बदलतो आहे. सिनेमा बेकार, रस्ता बेकार, भाजी बेकार. म्हणजे वाईट, टाकाऊ. भाषा अशी सरकतच असते, तिला कोणी अडवू शकत नाही. पण काम नसलेल्या माणसासाठी आणि टाकाऊ वस्तूसाठी एकच शब्द उरला, तर त्या माणसाकडे पाहण्याची आपली नजरही हळूहळू तशीच होईल. म्हणून शेजारचा मुलगा घरी बसलेला दिसला, तर विशेषण लावण्याआधी एवढेच विचारावे, की त्याने काम नाकारले आहे, की कामाने त्याला?